अ‍ॅनफिल्डबाहेर फूडबँकेसाठी काय न्यावं?

तुम्ही विचारलंय की मुलाला घेऊन लिव्हरपूलची फुटबॉल मॅच बघायला अ‍ॅनफिल्डला चाललोय, मैदानाबाहेर फूडबँकेसाठी, म्हणजे गरजूंना फुकट किराणा देणाऱ्या केंद्रासाठी, सामान घेतात असं कळलं, तर काय न्यावं? आणि एवढ्या गडगंज क्लबला आपल्या चार डब्यांची काय गरज? दुसरा प्रश्न आधी घेतो, खरी गोम तिथेच आहे.

हे काम क्लबने सुरू केलेलं नाही. लिव्हरपूलचे चाहते इयान बर्न आणि त्याच शहरातल्या एव्हर्टन क्लबचे चाहते डेव्ह केली, म्हणजे एरवी एकमेकांची उणीदुणी काढणाऱ्या दोन छावण्यांतली माणसं, २०१५ मध्ये एकत्र आली. गुडिसन पार्क या एव्हर्टनच्या तेव्हाच्या मैदानाजवळच्या विन्स्लो पबबाहेर चाकांची एक पेटी उभी करायची आणि मॅचला येणाऱ्यांनी त्यात डबे टाकायचे, सुरुवातीला थाट एवढाच. ‘फॅन्स सपोर्टिंग फूडबँक्स’ हे त्यांचं नाव. लिव्हरपूलचा लाल आणि एव्हर्टनचा निळा मिसळून होतो तो जांभळा रंग त्यांनी घेतला. बर्न २०१९ मध्ये खासदार झाले आणि आता अन्नाचा हक्क कायद्यात यावा म्हणून भांडताहेत. फूडबँकेची गरजच पडू नये, हे ते पहिल्यापासून सांगत आलेत.

क्लबचा हात नंतर लागला, आणि तो खोटा नाही. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे मॅचेस बंद पडल्या तसं सामानही आटलं. तेव्हा खेळाडू आणि क्लबचं एलएफसी फाउंडेशन यांनी मिळून नॉर्थ लिव्हरपूल फूडबँकेसाठी ४० हजार पौंड जाहीर केले. पण पुढच्याच महिन्यात याच क्लबने खेळाडू सोडून इतर कर्मचाऱ्यांच्या पगारासाठी सरकारी मदत घेणार असं सांगितलं. चाहत्यांनी झोड उठवली आणि दोन दिवसांत माफी मागून निर्णय फिरवावा लागला. त्यामुळे क्लबच्या दानशूरपणावर फार भाळू नका, पण त्या रागापायी हात आखडताही घेऊ नका. सामान घराघरांत पोचतं.

पोचतं कसं, तर ट्रसेल या ब्रिटनमधल्या धर्मादाय संस्थेच्या जाळ्यातल्या फूडबँकांत बहुतेकदा डॉक्टर, समाजसेवक किंवा सल्ला केंद्र कुटुंबाला व्हाउचर देतं, आणि त्यावर किमान तीन दिवसांचं पार्सल मिळतं. पार्सल ठरलेल्या यादीप्रमाणे भरतात, म्हणून कशाचा ढीग आणि कशाची चणचण हे आधी बघायचं. बेक्ड बीन्स आणि पास्ता सगळेच नेतात. तुम्ही टिकाऊ दुधाचे खोके, डब्यातले मासे किंवा मांस, डबाबंद फळं, कॉफी, यातलं काहीतरी घ्या. डायपर, सॅनिटरी पॅड, शाम्पू हे लोकांच्या लक्षातच येत नाही, आणि घरात पैसे नसले की आधी त्यालाच कात्री लागते. फूडबँकेच्या वेबसाइटवर सध्या काय हवंय ते लिहिलेलं असतं, निघण्यापूर्वी एकदा बघा.

डबा घेताना वर कडी आहे का पाहा, ओपनर प्रत्येकाकडे असतोच असं नाही. इथे पुष्कळ घरांत गॅस-विजेचा मीटर आधी पैसे भरून चालवावा लागतो. मीटर रिकामा झाला की तासभर शिजणारी डाळ काय कामाची? नुसतं उकळतं पाणी ओतून होणारं किंवा तसंच खाता येणारं द्यावं.

आपल्याकडची माणसं हौसेने चकल्या-लाडू घेऊन जायची भाषा करतात. भावना चांगली, पण घरचं चालत नाही. पाकीट बंद हवं, त्यावर घटक आणि तारीख छापलेली हवी. छोल्यांचा डबा मात्र बिनधास्त द्या.

सामान गोळा करणारे मॅचच्या आधी, मैदानाबाहेर असतात. लवकर पोचा आणि आधी तिथे जा, नाहीतर मोठी पिशवी घेऊन गेटवर अडकाल आणि मुलाची पहिली दहा मिनिटं बुडतील.