चार तास पन्नास मिनिटं

"मॅडम, माझं काम विकण्याइतकं चांगलं आहे का, हे मला कोण सांगणार?"

मी समुपदेशक आहे. हा प्रश्न माझ्याकडे वर्षातून चार-सहा वेळा तरी येतो. कुणी दागिने घडवतं, कुणी चित्रं काढतं, कुणी विणकाम करतं, प्रश्न तोच. या वेळी विचारणारी बाई चौतिशीतली होती. दिवसा एका कंपनीत हिशेब तपासायची आणि रात्री घरातलं सगळं आवरलं की हाताने वह्या शिवत बसायची. तिची परवानगी घेऊन लिहितेय. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पहिल्याच भेटीत तिने पिशवीतून मऊ कापडात गुंडाळलेल्या तीन वह्या काढल्या. मी एक हातात घेतली, उघडली. कणा मजबूत, पानं सपाट उघडत होती, दोऱ्याचे टाके कण्यावर साखळीसारखे ओवलेले. मी काही बोलायच्या आत तिचं बोट पुढे आलं. "इथे बघा, हा टाका तिरका पडलाय. आणि या कोपऱ्यात खळ जास्त झाली, कागद फुगलाय." तिने दाखवलं नसतं तर मला दोन्ही दिसलं नसतं. तिन्ही वह्यांच्या बाबतीत तिने तेच केलं.

व्यवसाय सुरू करायचा हे दीड वर्षापूर्वीच ठरलं होतं. नाव सापडलं होतं, बोधचिन्हाचे अकरा नमुने झाले होते, ऑनलाइन पान उघडलं होतं आणि त्यावर एकही फोटो नव्हता. वह्या मात्र वाटल्या जात होत्या. भावाला, मैत्रिणींना, ऑफिसातून निवृत्त होणाऱ्या प्रत्येकाला. कुणी पैसे विचारले की ही म्हणायची, "अहो, असू द्या!" घरचे कौतुक करायचे आणि त्यावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. "ते आपलेच. ते चांगलंच म्हणणार."

मी पाठ्यपुस्तकातली वाट धरली. १९७८ साली पॉलीन क्लान्स आणि सुझॅन आइम्स या दोन मानसशास्त्रज्ञांनी कर्तबगार स्त्रियांबद्दल एक निबंध लिहिला. हातात यश असूनही 'मी लोकांना फसवतेय, कधीतरी पितळ उघडं पडणार' असं आतून वाटत राहणं, याला त्यांनी 'इम्पोस्टर फिनॉमिनन' असं नाव दिलं. तिला ते ऐकून बरं वाटलं. मान डोलावली, डायरीत लिहून घेतलं. त्या विचारांवर आम्ही दोन सेशन काम केलं. कौतुक ऐकल्यावर दोष न दाखवता नुसतं 'थँक यू' म्हणायचं, असा गृहपाठही दिला. तिने तो इमानेइतबारे केला. पानावर फोटो काही चढला नाही.

तिसऱ्या भेटीला ती आली तीच डोळ्यांखाली काळी वर्तुळं घेऊन. ओळखीतल्या एका बाईंनी चाळीस वह्यांची ऑर्डर दिली होती, महिन्याभरात हव्या होत्या. तिने 'हो' म्हटलं होतं आणि तेव्हापासून झोप नव्हती.

"काय होईल असं वाटतं?"

"माहीत नाही. छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं. मी या लायकीचीच नाही बहुतेक."

लायकीचा धागा माझ्या ओळखीचा होता. तोच पुन्हा उसवत बसण्याचा मोह मला झाला, हे कबूल करते. पण का कोण जाणे, मी भलताच प्रश्न विचारला. "एका वहीला किती वेळ लागतो तुम्हाला?"

"दोन तास. फार तर सव्वादोन."

"मोजलाय कधी?"

ती गप्प. दुसऱ्यांच्या खात्यातली एकेक नोंद पकडणाऱ्या बाईने स्वतःच्या कामाचा वेळ कधी घड्याळाला लावून पाहिला नव्हता. आणि दोन सेशन माझ्यासमोर बसलेल्या बाईला मीही तो विचारला नव्हता.

पुढच्या भेटीला तिने एक कागद समोर ठेवला. ऑफिसच्या सवयीने रेघा मारून रकाने पाडलेले:

कागद कापणं ३५ मिनिटं. घड्या घालून पानांचे जुडगे करणं ४०. भोकं पाडणं २०. शिवण १ तास २५. पुठ्ठा, खळ, अस्तर ५०. कडा आणि शेवटचा हात २५. गिऱ्हाइकाचे मेसेज आणि पॅकिंग ३५.

बेरीज चार तास पन्नास मिनिटं. रात्रभर वजनाखाली वाळत ठेवायचं ते वेगळंच. या कागदाखाली तिने आणखी एक ओळ लिहिली होती: चाळीस वह्या म्हणजे १९३ तास. नोकरी आणि घर सांभाळून तिच्या हाताशी महिन्याला जेमतेम ४५ तास उरत होते.

"मॅडम, आमच्या ऑफिसात कुणी असा अंदाज दिला असता ना, तर मी फाइल परत पाठवली असती," ती म्हणाली आणि हसली. माझ्या खोलीत ती पहिल्यांदाच हसत होती.

झोप उडाली होती ती बरोबरच उडाली होती. मनाच्या कुठल्यातरी कोपऱ्याला हे गणित आधीच कळलं होतं, फक्त ते आकड्यांत न बोलता 'मी लायक नाही' या भाषेत बोलत होतं. आणि मी दोन सेशन त्या भाषेशी हुज्जत घालत बसले होते. समुपदेशकाची ही एक खोड असते: भीती दिसली की तिला विचारांची चूकच समजायचं.

वेळेचा अंदाज चुकणं हा तिच्या एकटीचा दोष नव्हे. डॅनियल कानेमान आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच माणसाच्या या सवयीला 'प्लॅनिंग फॅलसी' असं नाव दिलं. पुढे १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं, किती दिवस लागतील? सरासरी उत्तर ३४ दिवस. प्रत्यक्षात लागले ५५. गंमत पुढेच आहे. 'सगळं बिघडलं तर किती?' असंही विचारलं होतं, आणि तो अंदाजसुद्धा ४९ दिवसांच्या आतच होता! मी स्वतः हा लेख दोन दिवसांत संपवणार होते. असो.

मग आली खरी अवघड गोष्ट. दिलेला शब्द बदलून मागायचा होता. आम्ही खोलीतच तालीम केली. मी गिऱ्हाईक झाले.

पहिल्या खेपेला ती म्हणाली, "सॉरी, म्हणजे तुम्हाला चालणार असेल तर, सॉरी हं, चाळीस जरा..." मी बोटांवर 'सॉरी' मोजत होते. एका वाक्यात चार. दुसऱ्या खेपेला एकच राहिला. तिसऱ्या खेपेला वाक्य असं आलं: "या महिन्यात आठ होतील. बाकीच्या पुढच्या चार महिन्यांत देते. कागद आणायचा असतो म्हणून निम्मे पैसे आधी लागतील."

मी मुद्दाम आडवं लावलं. "अहो, कागद आणि दोराच तर आहे! त्याचे एवढे?"

ती थिजली. बराच वेळ पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "एवढे होतात. कमी हवे असतील तर साध्या शिवणीची, एकरंगी पुठ्ठ्याची वही करून देते. ती लवकर होते, म्हणून स्वस्त पडेल."

हे मी तिला शिकवलं नव्हतं. नुसती किंमत पाडायची नाही, वस्तू बदलायची. हिशेबनीस बाईला ते आपसूक सुचलं, कारण आता किंमत तिच्या लायकीवर ठरत नव्हती, तिच्या रकान्यांवर ठरत होती. साहित्य, वेळ, फुकट जाणारे तुकडे, हत्यारांची झीज, वर थोडा नफा. ताशी आपल्याला किती सुटतात हा आकडा पाहून तिने कपाळाला हात लावला आणि तिथल्या तिथे भाव वाढवला. वाढवल्यावर लगेच विचारलं, "जास्त होतात का?" सवयी अशा एका बैठकीत जात नाहीत.

ऑर्डर देणाऱ्या बाईंनी काय केलं? चाळीसऐवजी चोवीस घेतल्या, तीन महिन्यांच्या बोलीवर. थोड्या कुरकुरल्या, मग पैसे पाठवले.

नोकरी सोडायची का, हा प्रश्न येणारच होता. त्याला हो किंवा नाही असं उत्तर मी देत नाही. उद्योजकांचा अभ्यास करणाऱ्या सरस सरस्वती यांनी २००१ मध्ये मांडलेला एक विचार मला इथे कामाचा वाटतो: किती मिळेल याचे इमले बांधण्याआधी, किती गेलं तर मला झेपेल ते ठरवा. तिने सहा महिने आणि बचतीतला ठराविक हिस्सा अशी हद्द आखली, त्यासाठी वेगळं खातं काढलं. नोकरी तूर्त तशीच. नोंदणी आणि कराच्या भानगडी तिला माझ्याहून चांगल्या कळत होत्या.

एक भीती मात्र रकान्यांत बसेना. "विकायला लागल्यावर मला यातली मजाच राहिली नाही तर?" ही भीती पोकळ नाही. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या, चित्रांची आवड असलेल्या मुलांवर प्रयोग केला. काही मुलांना आधी सांगितलं, चित्र काढलं की बक्षीस मिळेल. एक-दोन आठवड्यांनी पाहिलं तर ती मुलं मोकळ्या वेळात बाकीच्यांच्या निम्माच वेळ चित्रं काढत होती. ज्यांना बक्षीस न सांगता अचानक मिळालं, त्यांची आवड कमी झाली नव्हती. मोठ्या माणसाच्या धंद्याला हा प्रयोग जसाच्या तसा लागू करता येत नाही, तरी मी तिला तो सांगितला. तिने स्वतःच तोड काढली. महिन्यातली एक वही कुणाचीच नाही. घड्याळ लावायचं नाही, फोटो काढायचा नाही, उरलेल्या वेड्यावाकड्या कागदांची शिवायची.

चार महिन्यांनी ती शेवटची आली. पिशवीतून एक वही काढून टेबलावर ठेवली. पुठ्ठा कमानीसारखा वाकलेला, वही टेबलावर डोलत होती.

"परत आली. कागदाचे तंतू कण्याला समांतर यायला हवेत, मी घाईत आडवा कापला. खळ वाळली की ओढून धरतो तो, मग पुठ्ठा वाकतो."

मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. ती वहीकडे बघत होती, सुतार फुगलेल्या दाराकडे बघतो तशी.

"मग?"

"मग काय, दुसरी करून दिली. चार तास दहा मिनिटं लागली आता." तिने वाकलेली वही परत पिशवीत टाकली. "हिचा दोरा सोडवून घेते. पानं चांगली आहेत."