प्रयोग घरी, शिक्षक दूर

प्रश्न : मी निवृत्त विज्ञान शिक्षिका असून गावाकडील दहावीच्या मुलांना व्हिडिओ कॉलवरून प्रयोग शिकवते. पाण्याचे विद्युत अपघटन (वीज सोडून पाण्याचे हायड्रोजन व ऑक्सिजन या वायूंत विघटन) त्यांना घरी करू द्यावे का?

उत्तर : अवश्य करू द्यावे, मात्र पाण्यात मीठ घालू देऊ नये. मुले हाताशी असते म्हणून मीठच घेतात आणि मग धनाग्रापाशी (बॅटरीच्या धन टोकाला जोडलेल्या अग्रापाशी) क्लोरीन हा विषारी वायू तयार होतो. बंद खोलीत तो घसा व फुप्फुसांना अपाय करतो आणि त्याचा वास पडद्यावरून तुमच्यापर्यंत पोहोचत नाही. मिठाऐवजी चमचाभर खाण्याचा सोडा, विद्युत अग्रांसाठी पेन्सिलीतील शिसे आणि ९ व्होल्टची बॅटरी पुरेशी आहे. घरातील प्लगचा वीजपुरवठा कोणत्याही कारणाने वापरू नये, हे पालकांनाही स्वतंत्रपणे सांगावे. ऋणाग्रापाशी (बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेल्या अग्रापाशी) धनाग्राच्या दुप्पट वायू, म्हणजे हायड्रोजन, जमतो, हे निरीक्षण मुलांना स्वतः करू द्यावे. तो हायड्रोजन पेटवून पाहण्याचा हट्ट मात्र ठामपणे नाकारावा. माझ्या मते, बॅटरी जोडण्यापूर्वी मांडणी कॅमेऱ्यासमोर दाखवून घ्यावी आणि शेजारी मोठे माणूस नसेल, तर त्या दिवशी प्रयोग पुढे ढकलावा.