नदीकाठी बाग करायचीय? आधी झाडं आणू नका

तुम्ही सगळे मिळून नदीकाठी बाग करायची म्हणताय, तुमचा उत्साह बघून बरं वाटलं. आम्हीपण पुण्यात मुठेच्या काठावर असंच सुरू केलेलं, पहिल्या रविवारी चाळीसजण आले आणि महिन्याभरात सहा उरले, तर ते मनाला लावून घेऊ नका, सहाजण नेमाने आले तरी भरपूर काम होतं.

सुरुवातीला एवढंच बघा:

१. जागा कोणाची ते शोधा, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी "करा हो, काही नाही होत" याच्यावर विसंबू नका.

२. पूररेषा, म्हणजे पुराचं पाणी कुठवर येतं ते दाखवणारी नकाशावरची रेषा. निळी म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांची. निळीच्या आत सिमेंट, भराव, बाकडी काहीच नको. खडकवासला धरणातून पाणी सोडलं की काठावरचं सगळं जातं, आमचं एक बाकडं थेट पुलाच्या खांबाला अडकलेलं सापडलं!

३. पहिले दोनतीन महिने फक्त कचरा. वरवर उचलून भागत नाही, प्लास्टिक आणि जुन्या साड्यांच्या चिंध्या हातभर खोल रुतलेल्या असतात, ओढायला गेलं की मातीसकट ढेकूळ निघतं. काचा पण फार, हातमोजे जाडच घ्या.

झाडं पावसाळ्याच्या तोंडावर, आणि तीसच. करंज, उंबर, जांभूळ, वाळुंज. सगळे इथेच फसतात, तीनशे लावतात, फोटो काढतात आणि एप्रिलमध्ये बादल्या उचलायला कुणी नसतं. आणि हो, काठावरचं लव्हाळं घाण म्हणून उपटू नका, माती तेच धरून ठेवतं.

ट्रॅक, खेळणी वगैरे पुढच्या वर्षी बोलू.