एडीएचडी (लक्ष टिकवणं अवघड करणारी अवस्था) असताना एम.ए.चा अभ्यास कसा करावा? खोलीत बसलं की दहा मिनिटांत लक्ष उडतं. (ताळगाव, गोवा)

मग खोलीत बसूच नका. पणजीत पाटोचं कृष्णदास शामा ग्रंथालय गाठा. आजूबाजूला चारजण मान खाली घालून वाचत असले की आपलंही बूड टिकतं. मोबाइल बंद, बॅगेत. यादीत ‘तिसरं प्रकरण’ लिहू नका, ‘पान ४१ ते ४६, पेन्सिलीने खुणा’ असं लिहा. मध्येच वीजबिल आठवलं तर कडेला टिपा आणि पुढे वाचा. वीस-पंचवीस मिनिटांनी उठा. रंगात आलात तर मात्र घड्याळ विसरा.

एडीएचडीचं निदान ऑनलाइन चाचणीवरून स्वतःच केलंय का? तसं असेल तर बांबोळीच्या आयपीएचबी या मानसोपचार रुग्णालयात दाखवा. अपुरी झोप, चिंता यांनीही असंच होतं. लक्षणं वयाच्या १२ वर्षांआधीपासून होती का, हे डॉक्टर बघतात. शाळेची जुनी प्रगतिपुस्तकं सोबत न्या.