नवीन बजेट इलेक्ट्रिक गिटार: परत करायच्या आधी आणि पिकअप बदलायच्या आधी

तुमचं सगळं वाचलं. नवीन स्ट्रॅट टाइप (फेंडर स्ट्रॅटोकास्टरसारखी) गिटार, तीन सिंगल कॉइल पिकअप (तारांची थरथर पकडणारे चुंबकी भाग), दिसायला मस्त, नेक हातात छान बसते, पण पहिल्या चार-पाच फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) तार बझ होते, म्हणजे खरखरते, एफ कॉर्ड धरताना बोटं दुखतात आणि तरीही तो बेसूरच वाटतो, बेंड केलं, म्हणजे तार बोटाने आडवी ओढली, की ट्यूनिंग जातं, अँपला लावली की घूंऽऽ असा आवाज येत राहतो आणि फ्रेटची टोकं हाताला टोचतात. आणि प्रश्न असा की परत करू का, की ठेवून पिकअप बदलू.

माझं उत्तर आधीच सांगतो. बहुतेक ठेवण्यासारखीच आहे, आणि पिकअपला आत्ता हात लावू नका. तुम्ही जे काही लिहिलंय त्यातली एकही तक्रार पिकअप बदलून जाणारी नाही. हं, तो घूं आवाज थोडा जाईल, पण त्याचं खाली वेगळं लिहितो.

बजेट गिटारमध्ये पैसे कुठे वाचवतात हे एकदा लक्षात घेतलं की घाबरायला होत नाही. बॉडी आणि नेक आता सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशीनवर कापतात, त्यामुळे नेकचा आकार, फ्रेटच्या जागा, नेक बॉडीत बसते तो खाचा, हे सगळं स्वस्त गिटारमध्येपण बऱ्यापैकी नेमकं असतं. काटछाट होते ती शेवटच्या हातकामात. फ्रेटची टोकं घासून गोल करणं, नटच्या (नेकच्या वरच्या टोकाला तारा ज्या पट्टीतून जातात तिच्या) खाचा योग्य खोलीपर्यंत कापणं, तारा लावून नीट सेटअप करणं, याला माणसाचा वेळ लागतो आणि तोच महाग असतो. शिवाय गिटार कारखान्यातून निघून कंटेनरमधून, गोदामातून, वेगवेगळ्या हवेतून फिरत तुमच्यापर्यंत येते, लाकूड त्या काळात हलतंच. म्हणजे पहिल्या दिवशी तुम्ही जे वाजवताय तो त्या गिटारचा खरा आवाज नाहीच, तो तिच्या अर्धवट सेटअपचा आवाज आहे, आणि त्यावरून गिटार चांगली की वाईट ठरवणं मला अन्यायाचं वाटतं.

तरी परत करायची मुदत चालू आहे तोवर ज्या गोष्टी घरी दुरुस्त होत नाहीत त्या आजच बघून घ्या. नेक हेडस्टॉकच्या (खुंट्या असतात त्या टोकाच्या) बाजूने डोळ्याच्या रेषेत धरून बॉडीकडे बघा, दोन्ही कडा सारख्या जातायत का. थोडा पुढे-मागे बाक असेल तर चालतं, पण पिळा असेल, म्हणजे एक कड वर आणि एक खाली, तर सरळ परत करा, विचार करत बसू नका. ट्रस रॉडचा (नेकच्या आतली, तिचा बाक सांभाळणारी सळई) फिरवायचा नट अ‍ॅलन कीने अगदी किंचित फिरतो का बघा, जाम असेल किंवा फिरूनही काहीच होत नसेल तर परत. नेक जिथे बॉडीला जोडलीय तिथे लाकडाला चीर आहे का बघा, नुसत्या पॉलिशवर केसासारखी रेघ असेल तर बऱ्याचदा ती फक्त रंगाची असते. बाहेरच्या दोन तारा फ्रेटबोर्डच्या कडेपासून साधारण सारख्या अंतरावर आहेत ना, हाय ई (सगळ्यात बारीक तार) कडेवरून घसरत तर नाही ना, तेपण बघा, पण तेवढ्यावरून परत करू नका, नेकचे चार स्क्रू थोडे सैल करून नेक जरा सरकवली की बऱ्याचदा जागेवर येतं. अँप लावून सिलेक्टर (पिकअप निवडायचा स्विच) पाचही जागी फिरवा आणि स्क्रूड्रायव्हरने प्रत्येक पिकअपवर हलकेच टकटक करा, तिन्ही बोलले पाहिजेत. एवढं पास झालं तर बाकी सगळं सुटतं.

आता तुमचा बझ. तुम्ही एक फार कामाची गोष्ट लिहिलीय, की मोकळी तार स्वच्छ वाजते आणि दाबली की पहिल्या चार-पाच फ्रेटवर बझ होते, वर गेलं की नाही. यातच निदान आहे. नेक गरजेपेक्षा जास्त सरळ आहे किंवा किंचित उलटी वाकलीय, आणि नट उंच आहे म्हणून मोकळी तार त्यातून वाचते. तंबोऱ्याला जवारी मुद्दाम काढतात, इथे ती नको असताना आलीय एवढंच.

तपासायचं असं. तारा आधी पूर्ण सुरात लावा, ए ४४० हर्ट्झला धरून, कारण तारांचा ताण नसेल तर नेकचं माप खोटं येतं. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, लो ई (सगळ्यात जाड) तार नेक बॉडीला भेटते त्या फ्रेटवर, साधारण सतराव्यावर, दुसऱ्या हाताने दाबा. आता तार स्वतःच एक सरळ पट्टी झाली. सातव्या-आठव्या फ्रेटच्या वर तार आणि फ्रेट यात फट किती आहे बघा. पाव मिलिमीटरच्या आसपास हवी. तिथे बोटाने टकटक केल्यावर तार जराशी खाली जाऊन टिक करून लागली पाहिजे. हलतच नसेल तर नेक जास्त सरळ आहे. मग ट्रस रॉड घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरा, एवढाच. परत सुरात लावा, परत बघा, आणि लाकडाला थोडा वेळ द्या, दुसऱ्या दिवशी ते अजून थोडं सरकलेलं असतं. फट फार मोठी असेल तर उलट, घड्याळाच्या दिशेने. ट्रस रॉडची लोकांना उगाच भीती वाटते, पाव-पाव फेऱ्याने, योग्य मापाच्या कीने आणि जोर न लावता केलं तर काही होत नाही. जोर लागतोय असं वाटलं की थांबायचं.

त्यानंतरच ब्रिजवरची (बॉडीवर तारा टेकतात तो भाग) तारांची उंची, ती तिथल्या सॅडलने, म्हणजे प्रत्येक तारेखालच्या छोट्या आधाराने, बदलते. बाराव्या फ्रेटवर लो ई साधारण २ मिलिमीटर आणि हाय ई दीडच्या आसपास ठेवून सुरुवात करा, मग हाताला आवडेल तसं. क्रम उलटा करू नका, आधी नेक, मग सॅडल. आणि एखाद्याच फ्रेटवर बझ राहिला तर दोषी बहुतेक त्याच्या पुढचा फ्रेट असतो, तो उंच असतो. एटीएम कार्डाची सरळ कड तीन फ्रेटवर टेकवून डोलते का बघा, डोलली तर मधला उंच. ते घासायचं काम मात्र जाणकाराकडेच द्या.

आता नट, आणि इथे मी जरा जास्त लिहिणार, कारण माझ्या मते स्वस्त गिटार आणि चांगली गिटार यात हाताला जो फरक जाणवतो त्यातला मोठा वाटा या बोटभर प्लॅस्टिकचा असतो आणि कोणी त्याच्याकडे बघतच नाही. तुमचा एफ कॉर्ड दुखतोय आणि बेसूर येतोय ते बोटांच्या ताकदीमुळे नाही. नट उंच असला की पहिल्या फ्रेटवर तार दाबायला खूप खाली न्यावी लागते, खाली नेताना ती ताणली जाते, आणि ताणली की सूर चढतो. ट्यूनर मोकळ्या तारेला बरोबर दाखवतो आणि कॉर्ड धरला की सगळं कडू लागतं, नवीन माणसाला वाटतं आपला कान खराब आहे. लो ई तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबून धरा आणि पहिल्या फ्रेटच्या वर बघा, मोबाईलचा टॉर्च मागून मारा. तार आणि पहिला फ्रेट यात उजेडाची बारीक रेघ दिसली पाहिजे, कागदाएवढी. अशा सहाही तारा बघा. बजेट गिटारमध्ये तिथे बऱ्याचदा रेघ नाही, चक्क मोठी फट असते. मग खाच खोल करायला लागते, त्यासाठी तारेच्या जाडीच्या खास कानशी असतात. तुमच्याकडे त्या नसतील तर हे एक काम पैसे देऊन करून घ्या, कारण एक घास जास्त झाली की मोकळी तार बझ करायला लागते आणि नट बदलावा लागतो. पण करा. पिकअपच्या सेटला जेवढे पैसे घालणार होतात त्याचा छोटासा भाग इथे घाला, पहिल्या पोझिशनचे सगळे कॉर्ड एकदम हातात येतील.

ट्यूनिंग जाण्याचं मूळपण बऱ्याचदा नटमध्येच असतं, लोक उगाच खुंट्या बदलतात. खुंटी हळू फिरवताना सूर सारखा चढत नाही, अडकतो आणि मग टिक करून एकदम उडी मारतो, असं होतंय का? जी तारेवर विशेष लक्ष द्या. तसं होत असेल तर तार खाचेत अडकतेय, बेंड केल्यावर ती परत जागेवर सरकत नाही. मऊ पेन्सिलचं शिसं खाचेत घासा, बराच फरक पडतो. दुसरं, नवीन तारा हाताने ओढून ताणून घ्या, परत सुरात लावा, परत ओढा, उतरायच्या थांबेपर्यंत. तारा बदलताना खुंटीवर दोन-तीन वेढेच ठेवा, एकावर एक चढू देऊ नका. कारखान्यातल्या तारा जुनाट झालेल्या असतात, मी तर नवीन गिटारवर पहिलं काम तेच करतो, नवा सेट. मात्र गिटारबरोबर ९-४२ (बारीक तारांचा सेट) आल्या असतील तर लगेच १०-४६ (जाड सेट) चढवू नका, जाड तार त्याच खाचेत अजून अडकते, नेक आणि ब्रिजचा तोलपण बदलतो.

आणि तुमचा ब्रिज तरंगता, म्हणजे स्प्रिंगांवर तोललेला, आहे हे विसरू नका. एक तार बेंड केली की ब्रिज किंचित पुढे झुकतो आणि बाकीच्या तारा उतरतात, हा दोष नाही, तो तसाच चालतो. ट्रेमोलो (ब्रिज हलवून सूर खाली-वर करायचा दांडा) वापरत नसाल तर मागचं झाकण उघडून स्प्रिंगा ज्या पट्टीला अडकवल्यात तिचे दोन स्क्रू थोडे थोडे आवळत जा, प्रत्येक वेळी परत सुरात लावा, ब्रिज बॉडीला टेकला की बास. शिकताना असंच ठेवावं असं माझं स्पष्ट मत आहे. ब्रिज हलला म्हणजे तारांची उंचीपण हलते, सॅडल परत एकदा बघून घ्या.

इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर लागणं, सगळ्यात शेवटी, नव्या तारांवर. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसता स्पर्श करून काढलेला सूर) आणि तिथेच दाबलेला सूर ट्यूनरवर जुळवा. दाबलेला चढा असेल तर सॅडल मागे, नेकपासून दूर, उतरा असेल तर पुढे. १९५४ साली स्ट्रॅटोकास्टर आली तीच सहा तारांना सहा वेगळी सॅडल घेऊन, प्रत्येकाची उंची वेगळी, लांबी वेगळी. म्हणजे पानं-स्क्रूड्रायव्हर घेऊन हिला जुळवायचं हे डिझाइनमध्येच आहे, तुम्ही काही जुगाड करत नाही आहात, निर्धास्त करा.

फ्रेटची टोकं टोचतात कारण लाकूड कोरड्या हवेत आकसतं आणि धातू आकसत नाही. गिटार ४५ ते ५५ टक्के आर्द्रतेत राहिली तर थोडं कमी होतं. उरलेलं बारीक कानशीने गोल करता येतं, फ्रेटबोर्डला मास्किंग टेप लावून. बोर्ड फिका आणि कोरडा दिसतो म्हणालात, तो बहुतेक लॉरेल लाकडाचा आहे. २०१७ च्या जानेवारीत सगळ्या रोझवूडच्या जातींवर सायटिसचे (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचे) निर्बंध आले तेव्हा बऱ्याच कंपन्या लॉरेलकडे वळल्या, २०१९ च्या शेवटी तयार वाद्यांना सूट मिळाली तरी बजेट गिटारवर तो राहिलाच. वाजवायला काही वाईट नाही. थोडं लेमन ऑइल फडक्याने लावा, पुसून टाका, रंग खुलतो. बॉडी पॉप्लरची की बासवुडची यावर झोप घालवू नका.

आता घूं आवाज. तारांना हात लावला की कमी होतो असं लिहिलंय, म्हणजे अर्थिंग बरोबर आहे, उलट वाढला असता तर काळजी होती. सिंगल कॉइल आसपासच्या विजेचा हम पकडतोच, महागड्यातपण. अ‍ॅडॉप्टर, मॉनिटर, डिमरपासून लांब बसा, जागेवरच थोडं वळून बघा, एका दिशेला एकदम कमी होतो. सिलेक्टर दुसऱ्या आणि चौथ्या जागी ठेवा, मधला पिकअप उलटा गुंडाळलेला असेल तर तिथे हम जवळजवळ जातो. मधूनच खरखर करून आवाज जात असेल तर जॅकचं (केबल लावायच्या जागेचं) आवळायचं नट सैल असेल, पण ते बाहेरून नुसतं आवळू नका, प्लेट उघडून आतून जॅक धरून आवळा, नाहीतर आतली वायर पिळून तुटते.

पिकअपचा आवाज कर्कश वाटतो ना? आधी त्यांची उंची बघा. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून पिकअपपर्यंत साधारण २ ते अडीच मिलिमीटर अंतर ठेवा, बेसच्या बाजूला जरा जास्त. फार जवळ असेल तर चुंबक तारेलाच ओढतं आणि वरच्या फ्रेटवर लो ईचा सूर डळमळतो, कितीही इंटोनेशन करा. मग गिटारचा व्हॉल्यूम आठवर आणि टोन सहा-सातवर आणून वाजवा, नवीन लोक सगळं दहावर ठेवतात आणि पिकअपला नावं ठेवतात. स्वस्त सेटमध्ये बऱ्याचदा सिरॅमिक चुंबक असतं, थोडं तिखट बोलतं, पण छोट्या प्रॅक्टिस अँपच्या स्पीकरमधून त्याचा आणि अल्निको (दुसऱ्या प्रकारच्या) चुंबकाचा फरक ऐकू येण्याआधी अँपचाच आवाज ऐकू येतो. पैसे घालायचेच असतील तर नट, मग अँप, मग पिकअप.

कॅपो लावून सातव्या फ्रेटजवळचा बाजूने काढलेला एक फोटो आणि टॉर्च मारून नटचा एक फोटो टाका, ट्रस रॉड किती फिरवायचा आणि नटच्या कुठल्या खाचा उंच आहेत ते बघून सांगतो. तोवर तारा तेवढ्या बदलून घ्या.