वाचकांचे प्रश्न : गेमचा आवाज, आपला आवाज

प्रश्न : प्लेस्टेशन ५ ला कॅप्चर कार्ड (गेमचं चित्र आणि आवाज कॉम्प्युटरकडे पाठवणारं उपकरण) जोडलं आहे. टीव्हीवर गेम छान दिसतो, पण लॅपटॉपवर ओबीएस या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये नुसता काळा चौकोन. कार्ड खराब आहे का?

बहुधा नाही. एचडीएमआयच्या सिग्नलवर एचडीसीपी नावाचं कुलूप असतं. सिनेमांची नक्कल होऊ नये म्हणून ते असतं आणि टीव्हीला ते उघडता येतं, कॅप्चर कार्डाला नाही. कन्सोलच्या सेटिंग्जमध्ये सिस्टीम, मग एचडीएमआय असं जाऊन 'एनेबल एचडीसीपी' बंद करा. ते बंद असेपर्यंत सिनेमांची ॲप चालणार नाहीत, तेव्हा रेकॉर्डिंग संपल्यावर पुन्हा चालू करायचं.

चित्र आलं पण रंग धुतल्यासारखे फिके वाटले, तर कन्सोलचं एचडीआर (उजेड-अंधारातला फरक वाढवून दाखवणारी सोय) बंद करून पाहा. चित्र अडखळत असेल तर कार्ड कोणत्या यूएसबी पोर्टात आहे ते बघा. १०८० रेषांचं, सेकंदाला ६० फ्रेमचं चित्र न दाबता पाठवायला सेकंदाला सुमारे २ गिगाबिट लागतात आणि यूएसबी २ ची मर्यादा ०.४८ गिगाबिटची. त्यामुळे यूएसबी ३ चं कार्ड थेट यूएसबी ३ च्याच पोर्टात लावा, हबमधून नको. आणि लॅपटॉपच्या पडद्याकडे बघून खेळू नका. तिथलं चित्र मागे असतं, म्हणून तर कार्डाला टीव्हीसाठी वेगळा एचडीएमआय आउट दिलेला असतो.

प्रश्न : माझी कॉमेंटरी गोळीबाराच्या आवाजात बुडून जाते. एडिटिंगमध्ये आवाज वाढवला की गोळीबारही वाढतो. उपाय?

झालेल्या रेकॉर्डिंगला फारसा उपाय नाही. दोन्ही आवाज एकाच ट्रॅकवर कालवले गेले आहेत आणि नीरक्षीरविवेक हंसाला जमतो म्हणतात, एडिटिंगच्या सॉफ्टवेअरला नाही. आवाज वेगळे काढून देणारी साधनं आता मिळतात, पण त्यांतून निघालेला आवाज बऱ्याचदा पाण्याखालून आल्यासारखा वाटतो.

पुढच्या वेळेपासून आवाज मुळातच वेगळे ठेवा. आमच्या मते मायक्रोफोनवर खर्च करण्याआधी हे शिकावं. ओबीएसच्या सेटिंग्जमध्ये आउटपुट मोड 'ॲडव्हान्स्ड' करा आणि रेकॉर्डिंगच्या टॅबमध्ये ऑडिओ ट्रॅक १, २ आणि ३ वर खूण करा. मग ऑडिओ मिक्सरमधून 'ॲडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीज' उघडा. कॅप्चर कार्डासमोर १ आणि २ ठेवा, माइकसमोर १ आणि ३. बाकीच्या खुणा काढून टाका. आता दुसऱ्या ट्रॅकवर फक्त गेम, तिसऱ्यावर फक्त तुम्ही आणि पहिल्यावर दोन्हींचं मिश्रण, अडीअडचणीला. साधे प्लेअर एका वेळी एकच ट्रॅक वाजवतात, सहसा पहिला. त्यामुळे बाकीचे ट्रॅक नोंदलेच गेले नाहीत असं वाटून घाबरायला होतं. फाइल एडिटरमध्ये ओढा, तिन्ही दिसतील.

टीव्हीचा आवाज माइकमध्ये शिरला तर ही सगळी मेहनत वाया जाते, म्हणून हेडफोन हवाच. पण प्लेस्टेशनच्या कंट्रोलरला हेडफोन लावून सगळा आवाज तिकडे वळवला की एचडीएमआयवरचा आवाज बंद होतो आणि रेकॉर्डिंगमध्ये गेम मुका होतो. हेडफोन टीव्हीला लावा.

माइक तोंडापासून १५ ते २० सेंटिमीटरवर, म्हणजे वीतभराहून थोडा कमी, आणि किंचित बाजूला. समोरासमोर धरला तर प, फ, भ हे अक्षरशः आदळतात. एरवीचं बोलणं मीटरवर −१२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. बॉस, म्हणजे गेममधला मोठा शत्रू, हरल्यावरची आरोळी −६ च्या पुढे जाऊ नये. शून्याला टेकलेला आवाज फाटतो आणि तो शिवता येत नाही. एडिटिंगमध्ये गेमचा ट्रॅक बोलण्याच्या १२ ते १५ डेसिबल खाली ठेवून सुरुवात करा.

नॉइज गेटच्या, म्हणजे ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणाऱ्या फिल्टरच्या, नादी शक्यतो लागू नका. मराठी वाक्य क्रियापदावर संपतं आणि शेवटचं 'आहे' हळू पडतं. गेट नेमकं तेच खातं. शिवाय ओबीएसमधले फिल्टर रेकॉर्डिंगमध्ये कायमचे मुरतात. तिथे फक्त लिमिटर (आवाजाला ठरलेल्या पातळीपुढे जाऊ न देणारा) ठेवा, बाकीची सफाई एडिटिंगमध्ये: ८० हर्ट्झखालचा भाग काढा, मग ३:१ चा कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबून लहान-मोठ्यातला फरक कमी करणारा). बोलताना गेम आपोआप खाली जावा असं हवं असेल तर गेमच्या ट्रॅकवर कॉम्प्रेसर लावून त्याला साइडचेन म्हणून, म्हणजे कधी दाबायचं ते ठरवणारा इशारा म्हणून, माइकचा ट्रॅक द्या. रिलीज (दाबलेला आवाज परत वर यायला लागणारा वेळ) ५०० मिलिसेकंदांच्या आसपास ठेवा. त्याहून फार कमी ठेवला तर प्रत्येक शब्दानंतर गेमचा आवाज उसळी घेतो.

प्रश्न : माझं 'अरे बापरे' आधी ऐकू येतं आणि स्फोट नंतर होतो.

आधी एक बघा: हा फरक सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेवढाच आहे की वाढत जातो? हे दोन वेगळे आजार आहेत.

तेवढाच असेल तर कारण कॅप्चर कार्ड. तुम्ही टीव्हीवर बघून बोलता, पण कार्डातून चित्र आणि गेमचा आवाज थोडे उशिरा पोचतात. माइक टीव्हीच्या स्पीकरपाशी नेऊन मेनूचे टिकटिक आवाज अर्धा मिनिट रेकॉर्ड करा. एडिटरमध्ये दुसरा आणि तिसरा ट्रॅक शेजारी ठेवून एकाच टिकटिकीतलं अंतर मोजा. ६० फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची. माइक ६ फ्रेम पुढे असेल तर 'ॲडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीज'मध्ये माइकच्या 'सिंक ऑफसेट'मध्ये १०० (मिलिसेकंद) लिहा. कार्ड किंवा टीव्ही बदलला की पुन्हा मोजा.

वाढत जात असेल तर आवाज बहुतेक फोनवर किंवा वेगळ्या रेकॉर्डरवर घेतलेला असतो. दोन यंत्रांची घड्याळं कधीच तंतोतंत सारखी नसतात. दहा लाखांत ५० इतका फरक असला तरी ४० मिनिटांत ०.१२ सेकंद होतात, म्हणजे ७ फ्रेम. सुरुवातीला एक टाळी आणि शेवटी एक टाळी वाजवा. दोन्ही जुळेपर्यंत आवाजाचा ट्रॅक किंचित ताणा किंवा आखडा. चित्राचा फ्रेमदर मध्येच बदलत असेल तर ताणूनही जुळत नाही. अशी फाइल आधी हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या सॉफ्टवेअरमधून 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडून काढून घ्या.

प्रश्न : कॅप्चर कार्ड नसेल तर कन्सोलच्या बटणावर भागेल का?

प्लेस्टेशन ५ वर एका वेळी कमाल ६० मिनिटं मिळतात, तेव्हा भागेल. निन्टेन्डो स्विचवर फक्त ३० सेकंद, तिथे नाही. माइकचा आवाज घेण्याची सोय मात्र बंद ठेवा, कारण तो गेमच्याच ट्रॅकवर बसतो. बोलणं नंतर व्हिडिओ बघत वेगळं नोंदवा. आश्चर्याचे उद्गार तेव्हा खोटे वाटतात, पण एखादी युक्ती समजावून सांगायची असेल तर हीच पद्धत बरी.

प्रश्न : तीन तासांच्या खेळातून वीस मिनिटं काढताना प्रत्येक कटला संगीत तुटतं.

गेमच्या सेटिंग्जमध्ये संगीत शून्यावर आणा, बाकीचे आवाज राहू द्या. मग हवं तिथे कापा आणि शेवटी वापरायची परवानगी असलेलं संगीत खाली सलग अंथरा. कॉपीराइटच्या दाव्यांतूनही बरीचशी सुटका होते. कापताना आधी फक्त माइकचा ट्रॅक ऐका. जिथे तुम्ही दोन मिनिटं गप्प आहात तिथे बहुधा काही घडतही नसतं. वाक्यानंतर ६ ते १० फ्रेम श्वासाला सोडा आणि प्रत्येक कटवर आवाजाला २ फ्रेमचा क्रॉसफेड (एक आवाज विरत असताना दुसरा वर येणं) द्या, म्हणजे 'टक्' येत नाही.

प्रश्न : रेकॉर्डिंग चालू असताना कॉम्प्युटर बंद पडला. एमपी४ फाइल उघडतच नाही.

साध्या एमपी४ ची अनुक्रमणिका रेकॉर्डिंग थांबवताना लिहिली जाते. ती राहून गेली की प्लेअरला आतलं काही सापडत नाही. ओबीएसमध्ये रेकॉर्डिंगच्या फाइलचा प्रकार एमकेव्ही निवडा, मग बंद पडेपर्यंतचा भाग वाचतो. नंतर ओबीएसच्या फाइल मेनूतल्या 'रीमक्स'ने त्याची एमपी४ करता येते, दर्जा न घसरता. जागेचा हिशेबही आधीच करा: सेकंदाला ५० मेगाबिटने तासाला २२.५ जीबी लागतात. आणि पेनड्राइव्ह एफएटी३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसत नाही. तो आधी एक्सफॅट करून घ्या. फॉरमॅट करताना आतलं सगळं पुसलं जातं, हे लक्षात ठेवून.