फाइन लेगवरचा माणूस

प्रिय मित्रा,

कप्तानपद तुझ्या गळ्यात पडल्याचं कळलं. 'पडल्याचं' असंच म्हणतो, कारण हौशी क्रिकेट टीममध्ये कप्तान निवडून येत नाही. बैठकीत जो सगळ्यात उशिरा 'नाही' म्हणतो, त्याच्या नावावर शिक्का बसतो. अभिनंदन नंतर करीन. मोसमाची पहिली मॅच रविवारी आहे आणि तुझा प्रश्न एकच: "सर, टॉस जिंकलो तर काय घेऊ?"

सांगतो. पण टॉसच्या आधी अकरा माणसं मैदानावर असावी लागतात, आणि तू त्याबद्दल काहीच विचारलेलं नाहीस.

शुक्रवारी रात्री प्रत्येकाला फोन कर. ग्रुपवर अंगठा टाकला म्हणजे माणूस आला, असं होत नाही. फोनवरही "येतोयस ना?" विचारू नकोस, त्याला 'हो' म्हणायला काही लागत नाही. "किती वाजता निघतोस आणि कोणाबरोबर येतोस?" असं विचार. ज्याचं यायचं मनात नाही तो या प्रश्नाला हमखास अडखळतो. मग शनिवारचा अख्खा दिवस तुझ्या हातात राहतो, दुसरा माणूस शोधायला.

आता टॉस. नियमाप्रमाणे तो खेळ सुरू होण्याआधी ३० ते १५ मिनिटांच्या दरम्यान उडवायचा असतो, आणि त्याआधी खेळाडूंची नावं लेखी द्यायची असतात. उशिरा येणाऱ्यांचीही नावं त्यात लिही. यादी दिल्यावर बदल करायचा तर समोरच्या कप्तानाची संमती लागते, आणि पहिल्याच मॅचला कोणाचे उपकार डोक्यावर घेऊ नयेत. टॉसच्या वेळी आपले सातच जण हजर असतील तर पिचकडे ढुंकूनही न बघता बॅटिंग घे. बॅटिंगला दोन माणसं पुरतात, फिल्डिंगला अकराही कमी पडतात. सगळे हजर असतील तर मात्र मी फिल्डिंग घेईन. बरेच दिवस न खेळलेलं पिच बहुधा मऊ असतं. अंगठा दाबून बघ, खूण राहिली तर बॉल थांबून येणार आणि ड्राइव्ह हवेत जाणार. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. फिल्डिंगमध्ये अकराही जण पहिल्या बॉलपासून मैदानात असतात. बॅटिंग घेतली की नऊ जण कडेला बसतात, आणि त्यातले निम्मे मोबाइलमध्ये.

किटबॅग गुरुवारीच उघड. शनिवारी रात्री उघडून काही उपयोग नाही. मागच्या मोसमाचे ओले ग्लोव्हज तसेच कोंबून ठेवलेले असतात, ते वाळून लाकूड झालेले असतात. पॅडचे पट्टे चिकटत नाहीत, आणि स्टंपवर ठेवायच्या बेल्स नेहमी तीन असतात, चार कधीच नसतात. मॅचच्या नव्या बॉलबरोबर थोडे वापरलेले दोन बॉल ठेव. बॉल हरवला की बदली बॉल साधारण तेवढाच झिजलेला हवा, कोरा चालत नाही. आणि कोणी आदल्या दिवशी नवी कोरी बॅट घेऊन मिरवत आला तर त्याच्या हातात जुनी बॅट दे. नव्या बॅटला जवसाचं कच्चं तेल लावून, लाकडी हातोडीने हळूहळू, कडांना तिरकं ठोकत कित्येक तास काढावे लागतात. तसं न करता नव्या बॉलसमोर ती नेली तर पहिल्याच यॉर्करला तळ फाटतो. तो फाटल्याचा आवाज एकदा ऐकलास की विसरणार नाहीस.

पहिल्या मॅचशी आपल्या लोकांचा तसाही छत्तीसचा आकडा आहे, आणि मी हे शब्दशः म्हणतोय. पहिल्या विश्वचषकाची पहिलीच मॅच, ७ जून १९७५, लॉर्ड्स. इंग्लंडने ६० ओव्हरमध्ये ३३४ केल्या, आणि उत्तरादाखल गावसकर पूर्ण ६० ओव्हर खेळून १७४ बॉलमध्ये नाबाद ३६! आपण २०२ धावांनी हरलो. पुढे डिसेंबर २०२०, अॅडलेड, ऑस्ट्रेलियातल्या मालिकेची पहिली टेस्ट. पहिल्या डावात ५३ धावांची आघाडी होती, आणि दुसऱ्या डावात सगळी टीम मिळून ३६. त्या मालिकेचं पुढे काय झालं ते तुला पाठ आहे, आपण जिंकलो, २-१. म्हणून पहिल्या मॅचचा निकाल लागला की लगेच कोणाला टीममधून काढायचं ठरवू नकोस आणि कोणाला डोक्यावरही घेऊ नकोस. पुढच्या टेस्टला, मेलबर्नला, टीममध्ये बदल झाले होते, हे खरं. पण ते डोकं शांत ठेवून केलेले होते.

त्याच मेलबर्नमधली एक गोष्ट तुझ्या जास्त कामाची आहे. रहाणे ११२ वर खेळत होता, जडेजा ४९ वर. जडेजाला पन्नाशीची एक धाव हवी होती, कॉल घाईचा होता आणि रहाणे रन आउट झाला. जाताना त्याने जडेजाच्या पाठीवर थाप मारली आणि गेला. शतक ठोकलेला कप्तान, आधीची टेस्ट ३६ वर गुंडाळली गेलेली, आणि असा रन आउट. मी असतो तर बॅट आपटली असती. एकदा आपटलीही आहे, आणि समोर कोवळं पोर होतं. पुढच्या चार मॅच त्या पोराने एकही चोरटी धाव घेतली नाही.

मोसमाच्या पहिल्या मॅचला रन आउट होणारच, हे धरून चाल. एका क्रीजपासून दुसऱ्या क्रीजपर्यंत १७.६८ मीटर. अंतर दरवर्षी तेवढंच, पण माणूस धावतो गेल्या वर्षीच्या पायांवर. डोक्याला वाटतं पोहोचू, पाय दोन पावलं मागे. म्हणून सगळ्यांना शब्द तीनच दे: हो, नको, थांब. 'ये ये', 'आहे आहे', 'बघ बघ' बंद. बॉल समोर गेला तर कॉल खेळणाऱ्याचा, मागे गेला तर पलीकडच्याचा. सकाळी वॉर्म-अपला बॅट हातात घेऊन, पॅड बांधून जोड्यांनी दहा धावा पळवून घे, ओरडून कॉल देत. सगळे हसतील. हसू देत.

कॅचेसचंही तसंच. १६० ग्रॅमच्या आसपासचा तो बॉल काही महिने हाताला लागलेला नसतो, आणि बोटं नेमकी आखडतात त्याच वेळी. आधी पाच पावलांवरून हळू, मग लांब, मग उंच. पहिल्याच उंच कॅचने सुरुवात केलीस तर एकाचं बोट टॉसच्या आधीच सुजेल. मॅचमध्ये कॅच सुटला तर काही बोलू नकोस, टाळ्याही वाजवू नकोस. 'चलता है' म्हणत वाजवलेल्या टाळ्या सुटलेल्या कॅचपेक्षा जास्त बोचतात.

फास्ट बॉलरला तीन-चार ओव्हरवर काढ, कितीही चांगला पडत असला तरी. तो चिडेल. मोठ्या सुट्टीनंतर एकदम दहा ओव्हरचा भार पाठीवर टाकला की तो पुढचा महिना मैदानाबाहेर काढतो, आणि हे त्याला गुरुवारी कळतं, रविवारी नाही. रन-अप मात्र सकाळीच पावलांनी मोजून खुणा करून घे. पहिल्या मॅचच्या नो-बॉलचा खर्च मी वर्षानुवर्षं स्कोअरबुकात पाहत आलोय, आणि प्रत्येक बॉलर दरवर्षी अंपायरकडेच रागाने बघतो.

आता जे सांगायला हे पत्र लिहायला बसलो, ते.

मी कप्तान झालो त्या मोसमाची पहिली मॅच आम्ही आरामात जिंकलो होतो. ४० ओव्हरची मॅच, दिवस छान, सगळे खूश. आमच्यातला एक जण, नाव कशाला, त्या दिवशी फाइन लेगला उभा होता. ओव्हर संपली की अख्खं मैदान ओलांडून पलीकडच्या फाइन लेगला. मग परत. चाळीस ओव्हर तेच. आणि मी कीपर. फाइन लेग म्हणजे कीपरच्या पाठीमागे, पार बाउंड्रीजवळ. दिवसभर तो माझ्या पाठीशी होता आणि मी एकदाही वळून पाहिलं नाही. बॉल तेवढा त्याच्याकडून उडत यायचा, मी पकडायचो आणि बॉलरकडे द्यायचो.

बॅटिंगला तो नववा. पाच विकेट पडल्यावर त्याने शहाण्यासारखे पॅड बांधले, गार्ड लावलं, हेल्मेट मांडीवर घेतलं आणि तासभर तसाच बसला. आम्ही पाच विकेट राखून जिंकलो. सगळे मैदानात धावले. तो पॅडचे पट्टे सोडत होता, एकेक, सावकाश. हे मी पाहिलं. पाहिलं आणि हात मिळवायला पळालो.

रात्री स्कोअरबुक चाळलं. बॅटिंगच्या यादीत त्याच्या नावापुढे रेघ. बॉलिंगमध्ये नाव नाही. कॅच नाही, रन आउट नाही. सकाळी सातला घरून निघालेला माणूस त्या वहीत कुठेच नव्हता.

पुढच्या शुक्रवारी त्याचा फोन वाजून वाजून बंद झाला. नंतर त्याच्याबरोबर येणारा दुसराही यायचा थांबला, कारण गाडी याची होती. मोसमाच्या मध्यावर आम्ही नऊच जण मैदानात उतरायला लागलो आणि मी सगळ्यांना शिस्तीवर भाषणं द्यायला लागलो. अकलेचा कांदा!

तर रविवारी तुझा फाइन लेगवरचा माणूस कोण, हे शनिवारीच ठरव. म्हणजे नाव लिहून काढ. आपल्याकडे असे दोघे-तिघे असतात: नववा नंबर, बॉलिंग नाही, कडेची फिल्डिंग. मग त्यांच्यापैकी प्रत्येकासाठी दिवसात एक काम शोध, आणि ते खरं काम असू दे. ४० ओव्हरमध्ये एका बॉलरला आठच ओव्हर टाकता येत असतील तर तुला पाच बॉलर तसेही लागतात. सहावा आणि सातवा या यादीतून काढ. पण ओव्हर देशील ती मॅच अडकलेली असताना दे. समोरच्यांना दहा धावा हव्या असताना किंवा त्यांचे नऊ गडी गेल्यावर दिलेली ओव्हर ही भीक असते, आणि घेणाऱ्याला ती बरोबर कळते. सतराव्या-अठराव्या ओव्हरला दोघे बॅट्समन जमलेले असतात, आपले मुख्य बॉलर दमलेले असतात, तेव्हा अनोळखी हाताला बॉल दे. सेट झालेला बॅट्समन अशा बॉलरला बघून हावरट होतो. जमलेल्या जोड्या अशा किती फुटलेल्या पाहिल्यात मी, स्टंपमागून.

बॉल देताना "टाक एखादी" म्हणू नकोस. फिल्डिंग कशी हवी ते त्याला विचार, आणि तो सांगेल तशी लाव, चूक वाटली तरी. एक ओव्हर त्याची.

ज्याला बॉलिंग अजिबात जमत नाही त्याला मिड-ऑनला, म्हणजे बॉलरच्या जवळ, आण आणि बॉलरशी बोलायचं काम दे. किंवा चौथ्या नंबरला बॅटिंगला पाठव. नेहमीचा चौथा तोंड वाकडं करेल. त्याला आदल्या रात्रीच सांगून ठेव, मैदानावर नको.

हे फुकट होत नाही, हेही सांगतो. मी एका मॅचला अशीच ओव्हर दिली, बावीस धावा गेल्या, आणि आम्ही चार धावांनी हरलो. टीममध्ये दोन दिवस माझ्याशी कोणी धड बोललं नाही. ती ओव्हर मी पुन्हा दिली असती का? दिली असती. फक्त दुसऱ्या टोकाकडून, जिकडची बाउंड्री लांब होती.

बाकी किरकोळ. अंपायरिंग बॅटिंग करणाऱ्या टीमनेच करायचं असेल तर ते फाइन लेगवाल्यांच्या गळ्यात मारू नकोस; पहिल्या विकेटला बाद झालेला ओपनर पाठव, त्याचंही डोकं थंड होतं. खिशात सहा खडे घेऊन जायला सांग, ओव्हरचे बॉल मोजायला. अपील झाल्याशिवाय आउट द्यायचं नसतं, आणि अपील झालं, खात्री असली, तर आपल्याच माणसाला पायचीत द्यायचं. समोरच्या कप्तानाबरोबर टॉसआधी दोन मिनिटं उभा राहा: वाइड कुठून धरायचा, उशीर झाला तर ओव्हर किती कापायच्या. कॅचवर आउट झाल्यावर बॅट्समन एकमेकांना ओलांडून गेले असले तरी नवा माणूस स्ट्राइकला येतो, हा नियम २०२२ मध्ये बदलला. अजूनही दर मोसमाच्या पहिल्या मॅचला त्यावर कोणीतरी भांडतंच. ओव्हर तिथेच संपली असेल तर गोष्ट वेगळी, तेवढं लक्षात ठेव.

माझे जुने कीपिंग ग्लोव्हज किटबॅगच्या तळाशी असतील. उजव्या अंगठ्याची शिवण सुटलीय, वापरायचे असतील तर शिवून घे.

तुझा,
जुना कीपर

ता. क.: मॅच झाली की स्कोअरबुकाचा फोटो पाठव. टोटल कापली गेली तरी चालेल, नववा नंबर आणि बॉलिंगचं पान दिसायला हवं.